चल म्हणणारं माणूस

बेळगावच्या वडगावात विणकरांच्या गल्ल्यांमधून मी गेली अकरा वर्षं पिग्मी, म्हणजे लोकांच्या रोजच्या बचतीचे पैसे, गोळा करते. संध्याकाळी चारला निघते, साडेसातला घरी. कुणी वीस रुपये देतं, कुणी पन्नास, दुकानदार असेल तर शंभर. लोक उजव्या हातानं पैसे देतात आणि डाव्या हातानं पासबुक पुढं करतात. मतदानाची शाई लागते ती डाव्या हाताच्या तर्जनीला. ३ सप्टेंबर २०२१ ला बेळगाव महापालिकेची निवडणूक झाली. दुसऱ्या दिवशी पासबुकं घेता घेता माझ्या लक्षात आलं, की त्यातली जवळपास निम्मी बोटं कोरी आहेत.

एका घरी बाई चरख्यावर कांड्या भरत बसली होती. आत दोन माग चालू होते, त्यामुळं बोलायचं तर ओरडूनच. मतदान केंद्राची शाळा तिच्या दारापासून दोनशे पावलांवर. मी विचारलं, "वैनी, काल शाळेकडं गेला न्हाईसा?" तिनं सुताचं टोक दातात धरलं होतं, ते सोडवून म्हणाली, "कुणी चल म्हटलंच न्हाई की ओ."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. नाव यादीत होतं, ओळखपत्र कपाटात होतं, त्या दिवशी अंगात तापही नव्हता. नवरा सकाळी मित्रांबरोबर जाऊन आला होता. ती दिवसभर कांड्या भरत राहिली, कारण तिला कुणी विचारलं नाही. उमेदवारांच्या रिक्षा आठ दिवस त्याच गल्लीतून कर्णे लावून फिरत होत्या. त्या सगळ्यांसाठी होत्या, म्हणजे तिच्यासाठी नव्हत्याच.

मतदान न करणाऱ्या माणसाबद्दल आपण दोनच गोष्टी गृहीत धरतो. एक तर तो आळशी आहे, नाही तर नाराज आहे. वर्तमानपत्रांतली पत्रं आणि कट्ट्यावरच्या चर्चा याच दोन गृहीतकांभोवती फिरतात. आळशाला शिव्या द्यायच्या, नाराजाला समजावायचं. माझ्या गल्ल्यांत मला यापैकी फार कमी लोक भेटतात. बहुतेकांना फक्त कुणी विचारलेलं नसतं. आणि विचारायला सरकार पुरत नाही, पक्ष पुरत नाहीत. ते काम ओळखीच्या माणसानं करायचं असतं. सीमाभागात मतदान वाढवायचं असेल तर फलक, रॅली आणि मोबाइलवरचे संदेश यांवरची भिस्त कमी करून माणसानं माणसाच्या दारात जावं. प्रत्येकानं आपल्या दहा जणांची जबाबदारी घ्यावी. त्यांनी मत कुणाला द्यावं याची जबाबदारी नव्हे, ते केंद्रापर्यंत पोचतील एवढ्याचीच.

पिग्मीच्या धंद्यात ही गोष्ट फार लवकर कळते. 'बचत करा' असा फलक वाचून कुणी रोज वीस रुपये बाजूला काढत नाही. रोज दारात कुणीतरी येऊन उभं राहतं, नाव घेऊन हाक मारतं, म्हणून ते वीस रुपये निघतात. आठ दिवस मी आजारी पडले तर खाती तशीच रिकामी राहतात. माणसं तीच असतात, पैसेही असतात, दारात उभं राहणारं माणूस तेवढं नसतं.

माझा हा अनुभव एका गल्लीपुरता आहे, असं कुणी म्हणेल. पण अमेरिकेत याच प्रश्नावर काटेकोर प्रयोग झालेत. १९९८ साली न्यू हेवन शहरात ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन या दोन अभ्यासकांनी सुमारे ३० हजार मतदारांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले. काहींच्या दारात माणूस गेला, काहींना पत्रं गेली, काहींना फोन. दारात जाऊन समोरासमोर बोलल्यानं मतदान ठळकपणे वाढलं, पत्रांनी अगदी थोडं, आणि पैसे देऊन करवून घेतलेल्या फोननं वाढलंच नाही. मग डेव्हिड निकरसन यांनी डेन्व्हर आणि मिनियापोलिसमध्ये दोन मतदार असलेली घरं निवडली. दार उघडणाऱ्याशी काही घरांत मतदानाबद्दल बोलले, काही घरांत कचऱ्याच्या पुनर्वापराबद्दल. ज्या घरांत मतदानाचं बोलणं झालं, तिथं ते न ऐकलेला घरातला दुसरा माणूसही जास्त प्रमाणात मतदानाला गेला. दार उघडणाऱ्यावर जेवढा परिणाम झाला त्याचा सुमारे ६० टक्के परिणाम आतल्या माणसापर्यंत पोचला होता. दोन माणसांच्या घरात ही गत, तर आमच्याकडं एका चुलीवर सात-आठ मतं असतात. वडगावातल्या किंवा उचगावातल्या एकत्र घरात दार उघडणाऱ्या एका सुनेशी नीट बोललं तर ते बोलणं किती जणांपर्यंत जाईल, याचा हिशेब ज्यानं-त्यानं करावा.

आणि हा मार्ग आपल्याला नवा नाही. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे होते. सीमाप्रश्नाकडं देशाचं लक्ष जावं म्हणून महाराष्ट्र एकीकरण समितीनं गावोगावच्या साध्या माणसांना अर्ज भरायला लावले होते. मतपत्रिकेची वहीच झाली. तामिळनाडूतल्या मोडकुरिची विधानसभा मतदारसंघात आणि तेव्हाच्या आंध्रातल्या नलगोंड्यातही त्याच वर्षी असं घडलं, आणि त्यानंतर लोकसभेची अनामत रक्कम ५०० रुपयांवरून १० हजार झाली. त्या घटनेकडं लोक राजकीय अंगानं बघतात. मला त्यात दुसरं काहीतरी दिसतं. मोबाइल नव्हते, बऱ्याच घरांत साधा फोन नव्हता. शेतकरी, दुकानदार, कामगार अशा शेकडो माणसांनी पदरचे पैसे आणि कामाचा दिवस मोडून कचेरीत जाऊन अर्ज भरला, तो काय फलक वाचून? तालमीत, भजनी मंडळात, दूध डेअरीच्या रांगेत, कुणीतरी कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून 'तू पण भर' म्हणाला होता. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या निषेध फेरीला आजही माणसं येतात ती अशीच, शेजारी चप्पल घालून दारात उभा राहतो म्हणून. ही रीत आपल्या हाडात आहे. मतदानाच्या दिवशी मात्र आपण ती विसरतो आणि मोबाइलच्या गटावर 'मतदान आपला हक्क' असं चित्र पाठवून मोकळे होतो.

आता मनातल्या गाठीकडं येते. शेजाऱ्याला 'चल' म्हटलं की सीमाभागातला मराठी माणूस एक वाक्य हमखास बोलतो : "जाऊन काय उपयोग?" या वाक्याला सोपं उत्तर देऊन पुढं जाणं मला अप्रामाणिक वाटतं. बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं त्या १९५६ पासून तीन पिढ्या गेल्या. सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा. महाराष्ट्र सरकारनं सर्वोच्च न्यायालयात दावा लावला त्याला २००४ पासूनची वर्षं मोजावी लागतात. २०१८ आणि २०२३ या दोन्ही विधानसभांत समितीचा एकही आमदार निवडून आला नाही, आणि त्यात आपल्यातल्या फुटीचा वाटा किती हे घराघरात ठाऊक आहे. ज्यानं हे सगळं डोळ्यांनी बघितलंय त्याला 'लोकशाहीचा उत्सव' वगैरे सांगितलं तर तो तोंड फिरवतो, आणि ते योग्यच आहे.

पण त्याच माणसाशी दहा मिनिटं बसून बोललं तर त्याच्या तक्रारी निघतात त्या वेगळ्याच. हलगा-मच्छे बायपासमध्ये पिकाऊ जमीन गेली. पावसाळ्यात नाल्याचं पाणी मागाच्या खड्ड्यात शिरतं. मराठी शाळेत मुलं कमी होत चाललीत. कचेरीतून आलेला कागद कन्नडमध्ये असतो, तो वाचून घ्यायला दुसऱ्याकडं जावं लागतं. सीमाप्रश्नाचा निकाल न्यायालय देईल तेव्हा देईल. पण यातल्या एकेका गोष्टीवर नगरसेवक, आमदार, ग्रामपंचायत सदस्य रोज निर्णय घेत असतात, आणि ते ज्यांच्या बोटाला शाई असते त्यांना घाबरतात. कुठल्या भागातून किती मतदान झालं, हे प्रत्येक उमेदवाराला केंद्रनिहाय आकड्यांतून कळतं. जिथं चाळीस टक्केच मतदान होतं तिथला नाला सगळ्यात शेवटी साफ होतो. हे वाक्य मी व्यासपीठावरून बोलले तर ते भाषण होईल. पण ज्याच्या मागाच्या खड्ड्यात पाणी शिरलंय त्याच्या उंबऱ्यावर बसून, तो ओला खड्डा बघत बोलले, तर त्याला ते पटतं. निदान तो माझ्याशी भांडतो तरी, आणि भांडण म्हणजे बोलणं सुरू आहे.

शिवाय आकडे. २०२१ च्या एप्रिलमध्ये बेळगाव लोकसभेची पोटनिवडणूक झाली, सुमारे १८ लाख मतदारांचा मतदारसंघ. विजयी आणि दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारात अंतर होतं ५,२४० मतांचं. समितीच्या तरुण उमेदवारानं त्या वेळी लाखाहून अधिक मतं घेतली. करोनाची दुसरी लाट चढत होती, आणि जवळपास निम्मे मतदार केंद्राकडं फिरकलेच नव्हते. एका केंद्रावर बाराशे मतदार धरले तर १८ लाखांना दीड हजार केंद्रं होतात. म्हणजे तो निकाल एका केंद्रामागं साडेतीन मतांवर टेकलेला होता. साडेतीन मतं म्हणजे माझ्या गल्लीतलं अर्धं घर. याच कर्नाटकात २००४ साली संतेमरहळ्ळी मतदारसंघात ४०,७५२ विरुद्ध ४०,७५१ असा निकाल लागला होता. हरलेल्या उमेदवाराचा ड्रायव्हर त्या दिवशी मतदानाला जाऊ शकला नव्हता, असं तेव्हापासून सांगितलं जातं. २०२३ ला बेंगळुरूच्या जयनगरमध्ये १६ मतांनी निकाल लागला. 'माझ्या एका मतानं काय होतंय' म्हणणाऱ्यापुढं मी हे आकडे ठेवते. कोण जिंकलं, कोण हरलं, हे सांगत नाही.

आता मूळ काम, म्हणजे यादी. मतदान वाढवायचं काम मतदानाच्या आदल्या दिवशी सुरू होत नाही. ते सहा महिने आधी यादीत नाव शोधण्यापासून सुरू होतं. आणि सीमाभागात याच ठिकाणी सगळ्यात जास्त मतं गळतात.

माझंच सांगते. माझं माहेर चंदगड तालुक्यातलं. इकडच्या-तिकडच्या गावांत रोटीबेटीचा व्यवहार पिढ्यान्पिढ्या चालत आलाय. शिनोळीच्या पलीकडची मुलगी अलीकडं सून होऊन येते, इकडची खानापूर-बेळगावची मुलगी गडहिंग्लज-आजऱ्याला जाते. लग्नात सगळ्या याद्या होतात, भांड्यांची यादी होते, मानपानाची होते. मतदार यादीची आठवण कुणालाच होत नाही. माझं नाव लग्नानंतर सहा वर्षं महाराष्ट्रात होतं. तिकडं निवडणूक लागली की इकडं सुगी किंवा पोराची परीक्षा. इकडं निवडणूक लागली की माझं नाव नाही. सहा वर्षं मी दोन्ही राज्यांची नागरिक होते आणि कुठलीच मतदार नव्हते. शेवटी भिशीतल्या एका मैत्रिणीनं कागदपत्रं गोळा करून मला हाताला धरून नेलं. ती नसती तर अजूनही तसंच राहिलं असतं, हे मी मनापासून सांगते.

आता ते काम सोपं झालंय. २०२२ च्या ऑगस्टपासून पत्ता बदलला, मतदारसंघ बदलला, तरी आठ नंबरचा फॉर्म भरायचा. नवं नाव घालायचं तर सहा नंबरचा. पूर्वी १ जानेवारीला अठरा पूर्ण असावी लागत, आता जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर अशा चार पहिल्या तारखा धरतात, आणि सतरा पूर्ण झालेल्या पोरालाही आगाऊ अर्ज करता येतो. मोबाइलवरून होतं, नाहीतर बीएलओकडं, म्हणजे आपल्या केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडं, कागद द्यायचा. काही अडलं तर १९५० या नंबरला फोन करायचा. पण उमेदवारी अर्जाची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते, आणि आपल्याकडं नाव नसल्याचा शोध लागतो तो मतदानाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता, शाळेच्या फाटकाबाहेरच्या टेबलापाशी. त्या टेबलावर बसून मी चिठ्ठ्या लिहिल्या आहेत. सत्तर वर्षांचा माणूस धुतलेली टोपी घालून येतो, आपण पानं उलटतो, नाव सापडत नाही, आणि तो 'असू दे' म्हणून माघारी वळतो. त्याची पाठ बघायला नको म्हणून मी हे काम करते.

नावांचं आणखी एक दुखणं आहे, ते इथल्याच लोकांना कळेल. मराठीतला 'ज्ञानेश्वर' इंग्रजीत आपण डी-एन-वाय नं लिहितो. कन्नड वळणानं लिहिणारा तोच 'ज्ञ' जे-एन किंवा जी-एन नं लिहितो. मराठी आडनाव कन्नडमध्ये टाइप होतं, कन्नडमधून इंग्रजीत येतं, आणि परत मराठीत यायचं तेव्हा त्याचा चेहराच बदललेला असतो. मग मोबाइलवर नाव टाकून शोधलं की 'नोंद नाही' असं येतं आणि माणूस म्हणतो, काढून टाकलं वाटतं माझं नाव. कारस्थानाची शंका लगेच डोकं वर काढते, आणि सीमाभागात त्या शंकेला इतिहास आहे. म्हणून मी नावानं शोधत नाही. ओळखपत्राच्या नंबरानं शोधते, आणि पासबुकाच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहून देते. ज्यांचं नाव खरंच गेलेलं असतं त्यांना वेळेत अर्ज करता येतो, आणि ज्यांचं आहे त्यांच्या मनातली शंका जाते. दोन मिनिटांचं काम आहे. पण फलक ते करू शकत नाही, आणि अनोळखी माणसाच्या हातात कुणी आपलं ओळखपत्र देत नाही.

बोलायचं कसं, हेही अनुभवानं शिकले. 'मतदान करा' म्हणायचं नाही. 'मतदान करणार न्हवं?' एवढंच विचारलं तर सगळे होच म्हणतात, आणि तो होकार संध्याकाळपर्यंत विरून जातो. विचारायचं असं : किती वाजता जाऊया? पोरांना कुणाकडं ठेवणार? माग बंद ठेवणार की पाळीनं जाणार? २००८ साली पेनसिल्व्हेनियात निकरसन आणि टॉड रॉजर्स यांनी हेच फोनवरून करून बघितलं होतं. नुसतं आठवण करून देण्यापेक्षा, किती वाजता जाणार, कुठून निघणार, त्याआधी काय करत असाल, असे प्रश्न विचारले तेव्हा मतदान जास्त वाढलं, आणि घरात एकटाच मतदार असलेल्यांत तर फारच. एकट्या माणसाला बेत ठरवायला दुसरं कुणी नसतं, हे त्यामागचं कारण असावं. म्हणून माझ्या वहीत पहिल्यांदा एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायका येतात. त्यातल्या ८५ वर्षांवरच्यांना आणि किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्यांना आता घरीच मत देता येतं. पण बारा-डी नंबरचा अर्ज निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो. ते पाच दिवस त्यांना कोण सांगणार? मुलगा पुण्यात, नातू बेंगळुरूत. शेजारीणच सांगणार.

या सगळ्यावर एक आक्षेप येतो, आणि तो मला हलका वाटत नाही. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला मतदानाला न्यायचं म्हणजे गावकीचा दबाव आलाच, असं एका शिक्षक मैत्रिणीनं मला सुनावलं. गावात पंच बसवून 'गावाचं मत एकाला' ठरवलं जातं, तरुण मंडळाला क्रिकेटचं किट किंवा देवळाला मंडप मिळतो, आणि मग दारोदार फिरणारा ओळखीचाच माणूस असतो. पाकीटही अनोळखी माणूस आणून देत नाही, ओळखीचाच देतो. हे खरं आहे. ज्या वाटेनं 'चल' जातं त्याच वाटेनं पाकीट जातं.

म्हणून मी माझ्यापुरती एक रेघ ओढून घेतली आहे. मतदानाला चल म्हणायचं, कुणाला दे म्हणायचं नाही. समोरच्यानं विचारलं तरी नाही. ज्या निवडणुकीत मी कुणाच्या टेबलावर बसून चिठ्ठ्या लिहिते, त्या निवडणुकीत वही घेऊन दारोदार फिरत नाही. दोन्ही एकत्र केलं की पहिल्या कामावरचा विश्वास जातो. आणि कुणी मतदानाला गेलं नाही तर त्याचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये २००६ साली शेजाऱ्यांच्या मतदानाची नोंद पत्रानं कळवून पाहिली, तेव्हा मतदानाची टक्केवारी सुमारे आठनं वाढली होती. लाज काम करते, यात शंका नाही. पण इथं माझ्या गल्लीत, जिथं त्याच माणसाबरोबर उद्या नळावर उभं राहायचंय, तिथं लाजेनं आणलेलं मत मला नको. लाज वाटलेला माणूस एकदा येतो आणि पुढच्या वेळी दार लावून घेतो.

दुसरा धोका अधिक खोल आहे. आपली ओळख आपल्यासारख्यांशीच असते. मराठी माणूस मराठी माणसाला हाक मारतो, एका जातीचा त्याच जातीच्याला. असंच चाललं तर मैत्रीच्या जाळ्यातून प्रत्येक जण आपापलाच गट मोठा करणार. वडगाव-खासबागात विणकरांची बरीच घरं कन्नड बोलतात. आमच्या गल्लीत एका भिंतीला दोन माग असतात, एकावर मराठी रेडिओ, दुसऱ्यावर कन्नड. पिग्मीची वही भाषा बघत नाही, म्हणून मीही बघत नाही. त्यांच्या दारात जाऊन 'ओट हाकाक बर्री', म्हणजे मत टाकायला या, असं म्हणते. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा एक आजी कितीतरी वेळ माझ्याकडं बघत राहिली, मग आतून सुनेला हाक मारून दोघींची ओळखपत्रं घेऊन आली. माझ्या काही मराठी माणसांना हे आवडत नाही. "ती मतं कुणाला पडणार ठावं हाय न्हवं?" असं मला विचारलं गेलंय. ठाऊक नाही, आणि ठाऊक करून घ्यायचंही नाही. भाषेसाठी हक्क मागणारी माणसं आपण. शेजारच्या दाराला मतदानातून वगळून आपला हक्क मोठा होत नाही, असं माझं ठाम मत आहे. आणि मराठीसाठी मी रस्त्यावर उतरते, ते यामुळं कमी होत नाही.

गोव्यात कामाला गेलेल्यांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. खानापूर तालुक्यातली आणि बेळगावच्या पश्चिमेची कितीतरी पोरं म्हापसा, मडगाव, वेर्ण्याला असतात. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी द्यायची, असं लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १३५ ब कलम सांगतं. १० मे २०२३ च्या कर्नाटक निवडणुकीला गोवा सरकारनं इथल्या मतदारांसाठी पगारी सुट्टी जाहीरही केली होती. तरी चोर्ल्याचा घाट चढून एका मतासाठी येणं आणि रात्री परत जाणं, बसचं भाडं, ठेकेदाराची कुरकुर. इथं उमेदवार गाडी पाठवतात. पण मतदारांना फुकट वाहून आणणं हा कायद्यानं भ्रष्ट आचार आहे, आणि त्या गाडीत बसलेल्या पोराला उतरताना काय सांगितलं जातं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यापेक्षा चार मित्रांनी वर्गणी काढून मिळून गाडी करावी, आणि त्या दिवसाला जोडून घरचं एखादं काम, गावचा एखादा कार्यक्रम ठेवावा. कणकुंबीकडच्या एका मैत्रिणीच्या भावानं २०२४ च्या ७ मे ला असंच केलं. आईच्या डोळ्यांची तपासणी त्याच आठवड्यात ठेवली आणि खोलीवरचे तिघे मित्र बरोबर आणले. त्या तिघांना सांगायला त्याला दीड महिना लागला, रोज रात्री जेवताना थोडं थोडं.

बायकांच्या बाबतीत तर आपल्याकडं आयती सोय आहे. २५ जानेवारी हा २०११ पासून राष्ट्रीय मतदार दिन म्हणून पाळला जातो, शाळेत शपथ होते आणि दुपारी सगळे विसरतात. पण संक्रांतीनंतरचे तेच हळदीकुंकवाचे दिवस. एका संध्याकाळी पाच-सहा घरं होतात, प्रत्येक घरात वीस-पंचवीस बायका. वाण लुटताना नव्या सुनेला 'नाव इकडं आलं काय तुझं?' एवढं विचारलं तरी पुरे. आमच्या गल्लीत दोन वर्षांपासून तिळगुळाच्या ताटाशेजारी सहा आणि आठ नंबरचे कोरे फॉर्म ठेवतो. पहिल्या वर्षी सासवा म्हणाल्या, सणात हे काय काढलंय. यंदा त्यातल्याच एकीनं आपल्या धाकट्या सुनेला खुणावून फॉर्म उचलायला लावला.

कांड्या भरणाऱ्या त्या वैनीला २०२३ च्या मे महिन्यात मी आठ दिवस आधी विचारलं, किती वाजता जाऊया. ती म्हणाली, साडेसातला, ऊन व्हायच्या आत. त्या सकाळी मी गेले तर ती तयार होऊन पायरीवर बसलेली, शेजारी जाऊ, आणि जावेच्या शेजारी समोरच्या घरातली कन्नड बोलणारी मुलगी, पहिल्यांदाच मत देणारी. त्या दोघींना मी सांगितलं नव्हतं.

माझ्या वहीत एक नाव मात्र तसंच आहे. शेवटच्या घरातले तात्या, वय पंच्याहत्तरच्या पुढं, १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात लाठ्या खाल्लेले. गेल्या तीन निवडणुकांत त्यांनी मत दिलेलं नाही, आणि मी दरवेळी विचारते. दरवेळी ते न चुकता तीस रुपये देतात, मान हलवतात आणि विषय बदलतात. मी वाद घालत नाही, त्यांनी जेवढं दिलंय तेवढं मी दिलेलं नाही. परवा पैसे देऊन झाल्यावर त्यांनी पासबुक परत घेतलं नाही. ते उलटं करून मागचं कोरं पान माझ्यापुढं धरलं आणि म्हणाले, "बाकीच्यांचं लिवून देतीस म्हणं. माझं नाव हाय काय बघ जरा."